निगेटिव्हची कड बघा : वाचकांचे प्रश्न

प्र. तालमीत 400 आयएसओच्या कृष्णधवल फिल्मवर सरावाचे फोटो काढतो. स्कॅन दरवेळी दाणेदार आणि राखाडी येतात. स्कॅनर बदलू का? – शिवाजी पेठ

उ. स्कॅन बाजूला ठेवा आणि निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून तिची कड बघा. कंपनीचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. तुमच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरशी त्यांचा संबंध नाही. ते किती काळे येतात हे फक्त डेव्हलपिंगवर (रसायनात चित्र उमटवण्यावर) ठरते. आकडे काळेभोर आणि फ्रेम फिकी असेल तर फोटो काढताना प्रकाश कमी पडला. आकडेही फिके असतील तर डेव्हलपिंग कमी झाले. आकडे ठळक आणि सगळ्या फ्रेम कोऱ्या असतील तर बहुधा फिल्म कॅमेऱ्यातल्या गुंडाळणाऱ्या स्पूलवर अडकलीच नाही. आणि आकड्यांसकट पूर्ण पट्टी काचेसारखी असेल, तर डेव्हलपरच्या आधी टाकीत फिक्सर, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, गेला.

तालमीत बहुतेक वेळा पहिला प्रकार होतो. वरच्या झरोक्याचा उजेड चौकटीत आला की मीटर फसते आणि पैलवान अंधारात जातो. झरोका टाळून थेट त्याच्या अंगावर मीटर घ्या. अशा खोलीत 400 ला एफ/2 आणि 1/60 च्या आसपास आकडा निघाला तर नवल नाही. डाव पकडायला 1/250 हवे, म्हणजे दोन स्टॉप पुश: 400 ची फिल्म 1600 ची धरून एक चतुर्थांश प्रकाशात फोटो काढायचा आणि जास्त वेळ डेव्हलप करायची. एचपी5 प्लस फिल्म असेल तर आयडी-11 डेव्हलपरच्या मूळ (आणखी पाणी न मिसळलेल्या) द्रावणात 20 अंशांना 400 साठी साडेसात मिनिटे लागतात, 1600 साठी 14. पुशने उजळ भाग वर येतो, सावलीतला तपशील येत नाही. जो प्रकाश फिल्मवर पडलाच नाही तो डेव्हलपर आणणार कुठून? अशी फिकी निगेटिव्ह उजळवताना स्कॅनरचे सॉफ्टवेअर दाणेही तेवढेच वाढवते. तेव्हा स्कॅनर राहू द्या.

प्र. जोतिबाच्या चैत्र यात्रेत रंगीत फिल्म वापरली. लॅबच्या स्कॅनमध्ये गुलाल मळकट आणि माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. शिवाय काही फोटोंवर लांबच लांब पांढऱ्या रेघा आहेत. – कागल

उ. निगेटिव्ह बहुधा उत्तम आहे. लॅबचे यंत्र प्रत्येक फ्रेमचा सरासरी रंग राखाडी असावा असे धरून चालते. चौकटभर गुलाल असला की ते त्या गुलाबी छटेला दोष समजते आणि काढून टाकायला उलट हिरवा मिसळते. गुलाल विझतो, चेहरे हिरवे पडतात. सासनकाठी, आभाळ, दगडी पायऱ्या असलेल्या फ्रेम त्याच रोलवर बऱ्या आल्या असतील, ताडून बघा.

लॅबला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवून टिफ फाइल द्या’ असे स्पष्ट सांगा. ते जमत नसेल तर घरीच करा: 95 च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेले एलईडी पॅनेल, मॅक्रो लेन्स, स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला डिजिटल कॅमेरा. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा हलवा; कॅमेरा आणि फिल्म समांतर झाली. आयएसओ 100, एफ/8, रॉ फाइल, सेल्फ टायमर, खोलीतले दिवे बंद. दोन फ्रेममधल्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्या. मग संगणकावर गुलाल नसलेली एक फ्रेम उलटवून (निगेटिव्हची पॉझिटिव्ह करून) तिचे रंग मनासारखे लावा आणि तीच सेटिंग, काहीही न बदलता, त्याच उन्हातल्या गुलालाच्या फ्रेमना द्या. गुलाल गुलालासारखा दिसेल. पुढच्या यात्रेत रोलची पहिली फ्रेम ग्रे कार्डवर (रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्यावर) खर्च करा. एक फ्रेम जाते, पण सगळा रोल सावरतो.

रेघांचे कारणही बहुधा गुलालच. त्याचा कण प्रेशर प्लेटवर (कॅमेऱ्यात फिल्म मागून सपाट दाबणाऱ्या पट्टीवर) बसला की फिल्म पुढे सरकताना मागची चकचकीत बाजू खरवडली जाते. तिथे प्रकाश विखुरतो, म्हणून स्कॅनवर पांढरी रेघ उमटते. काळी रेघ असती तर समोरचा इमल्शनचा, म्हणजे चित्र धरणारा, थरच निघाला असे समजायचे, आणि तो परत येत नाही. पांढरी रेघ मात्र पुष्कळदा जाते. डार्करूमवाले नाकावरचे तेल बोटाने घेऊन अशा रेघेवर हलकेच फिरवत. प्रकाश सरळ जातो आणि रेघ दिसेनाशी होते. यात्रेत रोल बदलायचा तर गर्दीबाहेर, पिशवीच्या आडोशाने, आणि आधी ब्लोअर मारून.

प्र. उन्हाळ्यात नळाचे पाणी 30 अंशांवर असते. घरी डेव्हलप करावे का? – गडहिंग्लज

उ. करा, पण 24 अंशांपर्यंत उतरवून. बर्फाच्या पाण्याच्या टबात बाटल्या ठेवल्या की काम होते. बर्फ द्रावणात टाकू नका. 20 अंशांना 11 मिनिटे लागत असतील तर 24 ला साधारण साडेसात पुरतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की आभाळात पट्टे येतात, म्हणून त्याहून गरम नको. फिक्सर आणि धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळ हवे. शेवटचे पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीत घालायचे मिळते ते चालते. 1:200 ने वापरायचे वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब न राहू देणारे द्रावण) अर्ध्या लिटरला अडीच मिली पुरे, जास्त टाकले तर फिल्मवर चिकट डाग राहतात. पावसाळ्यात वाळायला रात्र लागली तरी हेअर ड्रायर नको, ओल्या जिलेटिनवर तो धूळ उडवतो.

प्र. स्कॅनरचे धूळ काढणारे बटण कृष्णधवल फिल्मवर चित्रच खराब करते. का? – इचलकरंजी

उ. ते इन्फ्रारेडवर चालते. रंगीत निगेटिव्हमधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, चांदी अडवते. कृष्णधवल फिल्मवरचे चांदीचे चित्रच धूळ समजले जाते. बटण बंद ठेवा. सी-41 या रंगीत फिल्मच्या प्रक्रियेत धुतल्या जाणाऱ्या एक्सपी2 सुपर या कृष्णधवल फिल्मवर मात्र ते चालते, कारण तिच्यात शेवटी चांदी उरत नाही.

प्र. आजोबांच्या पेटीतल्या निगेटिव्हना व्हिनेगरचा वास येतो. – शाहूपुरी

उ. फिल्मचा ॲसिटेट प्लास्टिकचा पाया विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सुटते आहे, आणि ते ॲसिडच पुढचे विघटन वाढवते. त्या निगेटिव्ह आजच बाकीच्यांपासून वेगळ्या करा. हवाबंद डब्यात कोंडू नका. कागदी पाकिटात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. यावर उलटा उपाय नाही, थंडीने वेग फक्त मंदावतो. म्हणून स्कॅनिंग यांच्यापासून सुरू करा. ज्या वाकायला लागल्या आहेत त्या सगळ्यांत आधी घ्या. काचेखाली जोराने दाबून सपाट करू नका, ठिसूळ झालेला थर तडकतो.