बुद्धिबळात प्रगती : किती काळ थांबायचं?

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची. वर्षभर क्लास सुरू आहे, शिवाय रोज मोबाइलवर तासभर खेळते. तरी फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग १४५० वरच अडकलंय. आणखी किती दिवस लागतील?
– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मोबाइलवरचे डाव या रेटिंगमध्ये धरलेच जात नाहीत. मानांकन स्पर्धेत तिच्या वयाला के-गुणांक (एका डावाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) ४० असतो. तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर २० गुण वाढतात, हरलं तर तेवढेच जातात. त्यामुळे एका स्पर्धेवरून क्लास बदलू नका.

तीन-तीन मिनिटांचे डाव मात्र बंद करा. नुसत्या कुस्त्या लढून पैलवान घडत नाही, जोर-बैठका लागतात, हे कोल्हापुरात काय सांगायचं! रोज वीस मिनिटं कोडी : पटावर मांडून, मोहरा न हलवता, पूर्ण उत्तर वहीत लिहायचं. आठवड्याला एक लांब डाव. त्यातल्या चुका आधी तिनेच शोधून वहीत लिहाव्यात, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) नंतर. या पातळीवर बहुतेक डाव फुकट गेलेल्या घोड्या-उंटामुळे हरतात, ओपनिंगचा (सुरुवातीच्या चालींचा) दोष क्वचितच. चालीआधी समोरच्याचा शह, मार आणि धमकी पाहिलीच पाहिजे. राजा-प्यादं, हत्ती-प्यादं हे अंतिम टप्पे पक्के करा. सहा महिन्यांनी तीच चुकांची वही तपासा. रेटिंग त्यामागून हलतं.