तिला हिरमुसू दे की

*मावशी, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून स्पायना बायफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे, व्हीलचेअर वापरते. थोरला बाबांच्या गाडीवर बसून नान्नजच्या अभयारण्यात काळवीट बघून येतो आणि हिला मोबाइलवर फोटो दाखवतो. परवा ती म्हणाली, "फोटो नको, मला तिथलं गवत बघायचंय." हे म्हणतात, माळावर खुर्ची अडकली तर पोरगी हिरमुसेल. सासूबाई म्हणतात, लोक बघत बसतील. पुढच्या वर्षी ताडोबाला जायचं चाललंय, तेव्हाही तिला आजीजवळच ठेवायचं म्हणे. मी काय करू?*
*– एक आई, जुळे सोलापूर*

अगं, आधी ताडोबाचंच बोलू, कारण ते वाचून मला हसू आलं. तिथं सफारीत कुणालाच खाली उतरू देत नाहीत. धडधाकट माणसंही जिप्सीत बसूनच जंगल बघतात. मग बसून बघणाऱ्या पोरीलाच घरी ठेवायचं, हा कुठला न्याय? तिला जिप्सीत उचलून कोण बसवणार, पाठीला आधार कसा द्यायचा आणि धक्के किती सोसतील, एवढंच ठरवायचं आहे. तिच्या डॉक्टरांना विचार आणि बुकिंगमध्ये तिचंही नाव घाल.

नान्नज मात्र खरंच अवघड आहे, यात तुझ्या नवऱ्याचं चुकत नाही. 1979 साली माळढोकासाठी राखलेला हा माळ. माळढोक आता तिथं दिसणं जवळपास संपलंच, पण काळवीट, लांडगे, चंडोल आहेत. गवताळ, मुरमाड जमीन. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती मुरमात रुततात. अशा वेळी पुढे ढकलत राहू नये. खुर्ची उलटी फिरवायची आणि मागे ओढत न्यायची, म्हणजे मोठी चाकं आधी वाट काढतात. पट्टा मात्र बांधलेला हवा. हवेचे टायर असतील तर बाभळीच्या काट्यांची तयारी ठेव. पंप आणि पंक्चरचं सामान बरोबर असू दे. भरीव टायरला काट्याची भीती नाही, पण त्यात दगडांचे हादरे जास्त बसतात.

पाऊस नुकताच होऊन गेलेला असताना जाऊ नका, काळी माती चाकाला अशी चिकटते की खुर्ची जागची हलत नाही. शिवाय पावसाळ्यानंतर गवत उंच असतं आणि तिचे डोळे आपल्यापेक्षा खाली. डिसेंबर-जानेवारीची सकाळ बरी. वनखात्याच्या माणसांना आधी विचारून घे, पण "व्हीलचेअर चालेल का?" असं विचारू नकोस, त्याला "हो हो, या की" एवढंच उत्तर मिळतं. चारचाकी कुठपर्यंत येते, फाटक किती रुंद, मध्ये पायऱ्या आहेत का, स्वच्छतागृह आहे का, असं एकेक विचार.

तिला पायांत संवेदना कमी असेल तर उन्हात तापलेली लोखंडी दांडी किंवा बुटात गेलेला काटा तिला कळणार नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी अंग उचलून बसायला सांग, घरी आल्यावर तिचे पाय आणि बसायच्या भागाची कातडी नीट बघ. लघवीसाठी नळी घालायची वेळ पाळावी लागत असेल तर गाडीच्या मागे दोघांनी सोलापुरी चादर धरली की आडोसा होतो. आपल्या चादरीचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

पहिल्याच दिवशी नान्नज नको. एका सकाळी कंबर तलावाच्या काठी जा, खुर्ची कच्च्या वाटेवर कशी वागते ते दोघांनी हाताने बघा. तिच्या बाबांनी ढकलावी, तू नको. त्यांच्या मनातली भीती त्यांच्याच हातांतून उतरायला हवी.

आता त्या हिरमुसण्याचं. नान्नजला जाऊन काळवीट न दिसता थोरला कधी परत आला असेलच ना? हिरमुसला असेल, गाडीवर गप्प बसला असेल, दुसऱ्या दिवशी विसरला असेल. ते त्याचं त्याला मिळालं. हिला मात्र हिरमुसायच्या आधीच वाचवून ठेवलंय, नऊ वर्षं. खुर्ची अडकू दे. दहा पावलांवर थांबावं लागलं तर दहा पावलं. फक्त परत कधी फिरायचं, ते तिनं सांगायचं, बाबांनी नाही.

सासूबाई म्हणतात तसं लोक बघतील, खरंय. माळावर फार तर एखादा मेंढपाळ बघेल. मला त्याहून वाईट वाटतं ते वेगळंच. मांडीचं हाड मोडलं तेव्हा मी तीन महिने खुर्चीत होते. हॉटेलातला पोऱ्या माझ्या लेकाला विचारायचा, "यांना चहा चालेल का?" मी तिथंच बसलेली! तेव्हा वनरक्षक तुला काही विचारू लागला तर तिच्याकडे बोट दाखव. काय बघायचंय ते तीच सांगेल.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी घे, पाणी जास्त घे. थोरल्यालाही ने. पण मोबाइल या खेपेला तिच्या हातात दे, फोटो तिला काढू दे.