फळी नेमकी कशाने अडते?

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी धायरीला राहतो. घराखालच्या गाळ्यात दोन वर्षांपासून फर्निचर बनवतो. माझ्याकडे टेबलावर ठेवायचा १३ इंची थिकनेस प्लेनर, म्हणजे फळी तासून सारख्या जाडीची करणारं मशीन आहे, दोन रबरी रोलरांचं. नारायण पेठेतला एक जुना वाडा उतरवला, तेव्हा तिथल्या सागवानी तुळया घेऊन वखारीत चिरून फळ्या केल्या. गेल्या महिन्यापासून फळी अर्धा हात आत जाते आणि थांबते. मोटर चालूच असते. मागून हाताने रेटली की सरकते, पण थांबली तिथे आडवी खाच पडते. पाइनच्या पट्ट्या मात्र नीट जातात. दुरुस्तीवाले म्हणतात, दोन्ही रोलर बदला. बदलू का?

उत्तर : रोलर आत्ताच मागवू नका. आणि सगळ्यात आधी, हाताने रेटणं आजपासून बंद करा. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात माझी चाळीस वर्षं गेली. शेजारच्या गाळ्यातला एक चांगला कारागीर असाच अडलेली फळी तळहाताने रेटत होता. फळी एकदम सुटली आणि हात तिच्यामागे आत गेला. दोन बोटांची पेरं गेली. फळी अडली की बटण बंद करायचं, पाती पूर्ण थांबू द्यायची, प्लग काढायचा, हेड, म्हणजे पाती आणि रोलर बसवलेला वरचा भाग, वर घ्यायचं आणि मग फळी बाहेर ओढायची. मशीन चालू असताना आत डोकावायचं नाही, फळीच्या सरळ मागे उभं राहायचं नाही.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट : पाइन जातं, सागवान अडतं. म्हणजे रोलर फिरताहेत, चेन आणि दाते शाबूत आहेत. रोलर फळीला पुढे ओढतात, पण पाती उलट दिशेने फिरत असल्याने ती फळीला मागे लोटतात. खालचं टेबल घासून तिला धरून ठेवतं ते वेगळंच. या ओढाताणीत तुमचा रोलर हरतोय. तो कमजोर झालाय की समोरचा जोर वाढलाय, एवढंच शोधायचं आहे.

एक चाचणी करा. सपाट, सारख्या जाडीची फळी घ्या. हेड इतकंच खाली आणा की रोलर फळी पकडतील पण पाती लाकडाला टेकणार नाहीत. रोलर पात्यांच्या थोडे खाली बसवलेले असतात, त्यामुळे हे जमतं. अशी फळी सरळ निघून गेली तर दोष पात्यांचा किंवा तुमच्या कापाचा. तशीही अडली तर टेबल किंवा रोलरचा पृष्ठभाग. अडलेल्या फळीवर रबर घासल्याचा काळसर पट्टा दिसला तर रोलर जागच्या जागी फिरत घसरतोय असं समजा.

माझा संशय पात्यांवर आहे. सागवानात मुळातच वाळूच्या जातीचा सिलिकाचा अंश असतो, तो धार खातो. त्यात तुमचं लाकूड नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या वाड्यांत पाणी शिरलं होतं. तसल्या वाड्यांच्या तुळयांच्या भेगांतून बारीक गाळ निघालेला मी स्वतः ब्रशने झाडलाय. शिवाय मोडलेले खिळे. एकेका फळीवर तारेचा ब्रश मारा, मेटल डिटेक्टर किंवा निदान जोरदार लोहचुंबक फिरवा, आणि मगच ती मशीनवर चढवा. हे जुनं सागवान आता पुन्हा मिळणारं नाही, त्याच्यासाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

धार पाहायला बोट लावू नका. प्लग काढून पात्याच्या कडेवर बॅटरीचा उजेड धरा. चांगली धार उजेडात दिसतच नाही. बोथट धार पांढऱ्या रेघेसारखी चमकते. तुमच्यासारख्या मशीनची पाती बहुधा दोन्ही बाजूंनी धारेची असतात. उलटी करायची तर सगळी एकदम करा, एक नवं आणि दोन जुनी असं नको.

दुसरी गोष्ट कापाची. चिरलेल्या जुन्या फळ्या बहुतेक वाकलेल्या असतात. तुम्ही कडेला माप घेता आणि मधल्या फुगीर भागात पाती दुप्पट खोल जातात. अर्धा हात जाऊन अडते, त्याचं कारण कदाचित हेच. फुगवटा आधी हातरंध्याने उतरवा आणि माप सगळ्यात जाड जागी घ्या. आठ इंच रुंद सागवानाला एका फेरीत अर्धा मिलिमीटर पुरे. अनेक लहान मशीनांत हँडलचा पूर्ण फेरा म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. पाइनला तो चालतो, सागवानाला नाही.

मग टेबल. पावसाळ्यात आपल्याकडे आठवडाभर मशीन बंद राहिलं की पत्र्यावर गंजाची बारीक साय येते. तळहात फिरवून पाहा, अर्थात प्लग काढून. खरखर लागली तर बारीक घासणीने साफ करा, कोरडं पुसा, साधं मेण चोळा आणि सुती फडक्याने चकचकीत होईपर्यंत पुसा. मेणबत्तीसुद्धा चालते. तेल लावू नका, सिलिकॉनचा स्प्रे तर नकोच. तो लाकडात उतरतो आणि पुढे पॉलिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

रोलर शेवटी. सागवानाचा तेलकट भुसा रबरावर थर धरतो. कोमट साबणाच्या पाण्याने पिळलेलं फडकं घेऊन पुसा, मग स्पिरिटच्या ओलसर फडक्याने. थिनर लावू नका, रबर फुगतं. मागच्या झडपेत ओला भुसा गच्च बसला असेल तर तोही काढा. तो रोलरखाली दबला की पकड सुटते.

हे सगळं करून नवी पाती, मेणाचं टेबल आणि अर्धा मिलिमीटरचा काप घेऊनही फळी थांबली, तर रबर नखाने दाबून पाहा. नख किंचित रुतलं आणि रबर परत वर आलं तर रोलर जिवंत आहे. मग लांब, बारीक एक्स्टेंशन वायर तपासा, भाराखाली मोटरचा आवाज बसतोय का ऐका. नख रुतलंच नाही, रबर चकाकतंय, त्यावर बारीक चिरा आहेत, तर दोन्ही रोलर एकदम बदला. त्या वेळी दुरुस्तीवाल्यांचं म्हणणं बरोबर ठरेल.