ऐकू येतं, पण कळत नाही

"ऐकू येतं हो मला, पण कळत नाही. माझा मेंदू कामातून गेला का?" साठीला टेकलेल्या त्या बाईंचे डोळे भरून आले होते. मुलगी घाईघाईने म्हणाली, "आईला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते, तीही ओरडून."

ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि तिच्यामागे विस्मरणाची धास्ती असते. पण कान न तपासता नुसता धीर देणं मला पटत नाही. श्रवणतपासणी झाली, गोंगाटातलं बोलणं कितपत कळतं तेही पाहिलं. शांत खोलीत कान ठीक होते. गलबल्यात मात्र शब्द निसटत होते.

मग मी त्यांना मेंदूच्या ठेक्याबद्दल सांगितलं. माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा नोंदल्या. त्यांतल्या थीटा लहरी सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा उसळतात, आणि आपल्या बोलण्यातली अक्षरंही जवळपास त्याच गतीने येतात. ऐकताना मेंदूतली हालचाल बोलण्याच्या चढउताराशी जुळत जाते, त्यामुळे अखंड आवाजातून अक्षरं वेगळी काढता येतात, असं बरेच संशोधक मानतात. बोलणं फार वेगाने आलं की हा मेळ तुटतो. गोंगाटात तर हव्या त्या माणसाचा ठेका धरून ठेवणंच कष्टाचं होतं, वयाबरोबर जास्तच.

२००९ मधला गित्झा आणि ग्रीनबर्ग या संशोधकांचा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी वाक्यांचा वेग तिप्पट केला, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या खूप चुका झाल्या. त्याच वेगवान वाक्यांत क्षणभराच्या शांततेचे तुकडे घातले, तर चुका बऱ्याच कमी झाल्या. शब्द तितकेच भरभर होते, फक्त मध्ये उसंत होती.

मुलीला म्हटलं, "आवाज चढवू नका. आईसमोर बसा, ओठ दिसू द्या, आणि दर चार-पाच शब्दांनंतर थांबा." तिने आपल्या नव्या नोकरीबद्दल सांगितलं. आईने सगळं जसंच्या तसं परत सांगितलं. मग जरा वेळ दोघी गप्पच बसल्या. "मला वाटायचं, तू माझ्यावर चिडतेस," आई म्हणाली.

पुढच्या भेटीत मुलगी बोलता बोलता पुन्हा सुसाट सुटली. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. ती थांबली, आणि मग पुढचं वाक्य बोलली.