पालकाचा रंग पाण्यात का उतरत नाही?

प्रश्न : ताई, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा मुलांना घरचाच रंग द्यायचा म्हणून मी बीट आणि पालक वेगवेगळे उकळले. बिटाचं पाणी आधी छान लाल आलं पण नंतर विटकरी पडलं, आणि पालकाचं तर मळकट शेवाळी झालं, हिरवा सगळा चोथ्यातच राहिला. माझं कुठे चुकलं?
– एक आई, इंदूर

उत्तर : अहो, दोघांना एकाच मापाने मोजलंत, एवढंच. बिटाचा रंग पाण्यात विरघळतो, म्हणूनच चिरताना बोटं लाल होतात, पण त्याला आच सोसत नाही, तेव्हा बीट किसून गार पाण्यात ठेवायचं आणि वर थोडं लिंबू पिळायचं. पालकाचं क्लोरोफिल, म्हणजे पानातला हिरवा रंग, मात्र पाण्याला दाद देत नाही. उलट उकळलं की भाजीतल्याच आंबटपणामुळे त्याच्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी होतो.

त्याला स्पिरिट लागतं. मुलांना एकदा दाखवाच, खूप सुंदर दिसतं. चार-पाच पानं खलबत्त्यात चेचून काचेच्या पेल्यात घाला, बुडतील एवढं मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट ओता आणि पेला गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, पण गॅस आधी बंद करून, स्पिरिट भसकन पेटतं हे विसरू नका. थोड्या वेळात पानं फिकी पडतात आणि स्पिरिट गर्द हिरवं होतं. मग अंधारात त्यावर मोबाइलचा टॉर्च मारून बाजूने बघा, हिरव्यात चक्क लाल झाक दिसते! टिपकागदाची पट्टी त्यात उभी टेकवून ठेवलीत तर रंग वर चढताना हिरव्याच्या पुढे पिवळा पट्टा सरकतो, म्हणजे पालकात पिवळाही असतोच, हिरव्याखाली झाकलेला. रशियाच्या मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूची पूड भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून असेच रंग वेगळे केले आणि 1906 मध्ये त्या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी नाव दिलं.

गाजराची तऱ्हा आणखी वेगळी, त्याचा रंग तेला-तुपात उतरतो, हलव्याचं तूप केशरी होतं ना, ते त्यामुळेच.

हे स्पिरिटवालं पाणी मात्र अंगावर उडवायला किंवा तोंडात घालायला अजिबात नाही. खेळायला पालक सावलीत कडकडीत वाळवून दळा आणि आरारोटात मिसळा. बिटाचं पाणी त्याच दिवशी वापरा, आणि मुलांना जुने कपडे घाला, डाग पटकन जात नाहीत.