वाचकांचे प्रश्न : उदो उदो कोणाचा जास्त झाला?

प्रश्न : मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या इतिहासात कर्तृत्वापेक्षा कौतुकच जास्त वाट्याला आलेला खेळाडू कोण? आमच्या मित्रमंडळीत पोग्बा की व्हेरॉन यावर रोज वाद होतो. माझं मत अलेक्सिस सांचेझला.

उत्तर : सांचेझचं नाव आधी खोडा. जानेवारी २०१८ मध्ये तो आर्सेनलकडून आला, बदल्यात मिखितार्यान तिकडे गेला. सांचेझला सात नंबरची जर्सी मिळाली आणि ४५ सामन्यांत ५ गोल करून तो इटलीला निघून गेला. सौदा फसला, हे उघड आहे. पण त्याच्या युनायटेडमधल्या खेळाची तारीफ करणारा एक तरी माणूस आज तुम्हाला भेटतो का? जिथे कौतुकच नाही, तिथे ते जास्त झालं असं कसं म्हणायचं? दी मारिया आणि फाल्काओ यांनाही मी याच कारणाने बाजूला ठेवते. फसलेली खरेदी आणि फाजील कौतुक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र केल्या की वाद कधीच मिटत नाही.

व्हेरॉनवर तर अन्यायच होतो. २००१ मध्ये लाझिओकडून २ कोटी ८१ लाख पौंडांना तो आला, तेव्हा युनायटेडने लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकलेली होती. मधल्या फळीत कीन आणि स्कोल्स ही जोडी पक्की होती. तिसऱ्याला जागा करायची म्हणून स्कोल्सला पुढे, एकट्या आघाडीवीर व्हॅन निस्टेलरॉयच्या मागे ढकललं. सगळ्या संघाची घडी विस्कटली आणि त्या मोसमात युनायटेड तिसऱ्या स्थानावर राहिला. दोष व्हेरॉनच्या पायात नव्हता. चेंडू घेऊन मान वर करायला त्याला क्षणभर उसंत लागायची. युरोपातल्या सामन्यांत ती मिळायची आणि तिथे तो देखणा खेळायचा. इंग्लिश लीगमध्ये मात्र चेंडू पोचायच्या आत कोणीतरी अंगावर आलेलं असायचं. २००३ मध्ये चेल्सीने त्याला दीड कोटी पौंडांना घेतलं. तोटा मोठा होता, त्यामुळे ठपकाही मोठा बसला.

पोग्बाबद्दल माझं मत कडक आहे. २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाख पौंड, म्हणजे तोवरची जगातली सर्वांत मोठी रक्कम मोजून युनायटेडने त्याला परत आणलं. चार वर्षांपूर्वी हाच मुलगा त्यांच्या हातून जवळजवळ फुकट गेला होता आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकटच गेला. रकमेचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही, ती त्याने ठरवली नव्हती. त्याचे समर्थक एप्रिल २०१८ मधल्या मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्याचा दाखला देतात. त्या दिवशी जिंकले असते तर सिटीचं विजेतेपद तिथेच पक्कं झालं असतं. मध्यंतराला ते २-० ने पुढे होते. पोग्बाने पाठोपाठ दोन गोल केले आणि युनायटेडने ३-२ ने सामना काढला. अप्रतिम खेळ! पण असे दिवस सहा वर्षांत मोजके आले. फ्रान्ससाठी खेळताना मागे कान्टे असायचा, बाजूला मातुइदी असायचा. मागचं ओझं उतरलं की पोग्बाचे लांब पास बघत राहावेत असे. दोघांच्याच मधल्या फळीत मात्र माघारी धावायची पाळी यायची आणि तिथे तो माणूस सोडून द्यायचा. हे चुकून घडत नव्हतं, वारंवार घडायचं. तरी दर मोसमात ‘यंदा खरा पोग्बा दिसेल’ असं लिहिलं जायचं. म्हणून तुम्ही घेतलेल्या तीन नावांत माझं मत पोग्बाला.

प्रश्न : एरिक कँटोनाला क्लबचा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू म्हणणं कितपत बरोबर आहे?

उत्तर : बरोबर नाही. मला कँटोना मनापासून आवडतो, तरीही नाही.

लीगपुरतं बोलायचं तर त्याचं जेवढं कौतुक कराल तेवढं थोडं. नोव्हेंबर १९९२ मध्ये लीड्सकडून तो अवघ्या १२ लाख पौंडांना आला आणि २६ वर्षांनी युनायटेडने लीग जिंकली. पाच मोसमांत चार विजेतेपदं. हुकलं ते १९९४-९५ चं. त्या जानेवारीत क्रिस्टल पॅलेसच्या मैदानात त्याने प्रेक्षकाला लाथ मारली, आठ महिन्यांची बंदी ओढवून घेतली आणि ब्लॅकबर्नने एका गुणाने बाजी मारली. लाथेची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, तो एक गुण फारसा कोणी आठवत नाही. पुढच्या मोसमात मार्च १९९६ मध्ये न्यूकॅसलच्या मैदानावर युनायटेडचा गोलरक्षक श्मायकेलने एकामागून एक गोल अडवले आणि कँटोनाने एकुलता एक गोल करून सामना जिंकून दिला. त्या वर्षीचं विजेतेपद मी त्याच्याच नावावर लिहीन.

युरोपात मात्र हा दबदबा दिसला नाही. १९९३ मध्ये गालातासरायविरुद्ध संघ बाहेर पडला आणि शिट्टी वाजल्यानंतर कँटोनाला लाल कार्ड मिळालं. १९९७ च्या उपांत्य फेरीत डॉर्टमुंडने दोन्ही सामने १-० ने जिंकले. घरच्या सामन्यात गोल अगदी समोर असताना, डॉर्टमुंडचा बचावपटू कोहलर जमिनीवर आडवा पडलेला असताना, कँटोनाचा फटका कोहलरच्याच अंगाला लागून अडला. महिनाभरात कँटोनाने निवृत्ती जाहीर केली.

आता दुसरीकडे बॉबी चार्ल्टन बघा. म्युनिकच्या विमान अपघातातून वाचलेला हा माणूस दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, वेम्बलीवर युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात दोन गोल करतो. ७५८ सामने, २४९ गोल. चाहते कँटोनाला ‘राजा’ म्हणतात, पण ही पदवीसुद्धा प्रेक्षकांनी त्याच्या कितीतरी आधी डेनिस लॉला दिली होती. चार्ल्टन, जॉर्ज बेस्ट, लॉ यांच्या वर कँटोनाला बसवणं मला पटत नाही. त्यांच्या लगेच खाली बसवा, मी हरकत घेणार नाही.

प्रश्न : बेकहॅम केवळ दिसण्यामुळे मोठा झाला ना?

उत्तर : नाही. जाहिरातींमुळे नाव घरोघर गेलं, हे खरं. पण युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा १९९९ चा अंतिम सामना पुन्हा बघा. कीन आणि स्कोल्स दोघेही बंदीमुळे बाहेर होते, म्हणून उजवी कड सोडून बेकहॅम मधोमध खेळला. युनायटेडचे शेवटचे दोन्ही गोल त्याच्या कॉर्नरवरून झाले. वेग नव्हता, माणसाला चकवून जाणंही फारसं जमत नव्हतं. तरी समोरच्याला न चकवता त्याच्या बाजूने चेंडू वळवून नेमक्या डोक्यावर ठेवणारा त्याच्या तोडीचा दुसरा कोणी मी पाहिला नाही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या त्या वर्षीच्या बॅलन डी’ओर पुरस्कारात तो रिव्हाल्डोच्या खालोखाल दुसरा होता.

प्रश्न : मग कौतुकाला मुकलेला कोण?

उत्तर : दोघे. डेनिस अर्विन १९९० मध्ये ओल्डहॅमकडून ६ लाख २५ हजार पौंडांना आला. उजव्या पायाचा असून वर्षानुवर्षं डावा बचाव सांभाळला, फ्री किक आणि पेनल्टीही घेतल्या. ५२९ सामने आणि लीगची सात विजेतेपदं. एवढं करूनही आवडत्या खेळाडूंची नावं निघतात तेव्हा तो दहाव्या-बाराव्या क्रमांकावर आठवतो.

दुसरा मायकेल कॅरिक. कीन गेल्यावर त्याची सोळा नंबरची जर्सी २००६ मध्ये याला दिली आणि लोक दुसरा कीन शोधत बसले. कॅरिक आरडाओरडा करत नसे, जमिनीवर लोळण घेत नसे. पाच लीग विजेतेपदं त्याच्या खात्यात आहेत. २००७ ते २००९ मधला कुठलाही सामना लावा आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना दहा मिनिटं फक्त कॅरिककडे बघा. रोनाल्डो आणि रूनी पुढे बिनधास्त का धावू शकत होते, ते दिसेल. तुमच्या मित्रमंडळीलाही दाखवा आणि काय ठरलं ते मला जरूर कळवा.