जळगाव-धुळ्यातल्या व्यापारी संघटना राज्याच्या कायद्यांवर लक्ष कसं ठेवतात? त्यांचं कोणी ऐकतं का?

ऐकतात, पण मसुद्याच्या टप्प्यावर गाठलं तर. मतदान झाल्यावर फारसं हातात उरत नाही. एका तालुका व्यापारी संघटनेचा पत्रव्यवहार मी बघतो, त्यातून सांगतो. अधिवेशनातली विधेयकं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, ती वाचायची. त्याहून महत्त्वाचं राजपत्र: नियमांचे मसुदे तिथे हरकती-सूचनांसाठी निघतात, आणि खरी मेख नियमांतच असते. मुदतीच्या आत लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची. मग आमदारांकडून सभागृहात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना). (नुसतं निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, फाइल हलत नाही.) एकट्या गावाचा आवाज मात्र पुरत नाही. एलबीटीविरुद्ध (महापालिकांचा स्थानिक संस्था कर) राज्यभरातले व्यापारी एकत्र आले, बंद पाळले, तेव्हा कुठे १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. जळगाव आणि धुळे महापालिका हद्दीतले सर्वसाधारण दुकानदार त्यातच सुटले. डाळींच्या साठा मर्यादेसाठी मात्र मुंबईला खेटे घालू नका. तो आदेश केंद्राचा असतो, तिथे खासदार गाठा.